पिल्लाची घाई आणि मोठ्या कुत्र्याची सवड

घरात कुत्रे आणायचे ठरले की चहूबाजूंनी सल्ले येऊ लागतात, आणि त्यातले बहुतेक सल्ले, येणारे कुत्रे दोन महिन्यांचे पिल्लू आहे की आश्रयगृहातून दत्तक घेतलेले चार-पाच वर्षांचे मोठे जनावर आहे, याची चौकशीही न करता दिलेले असतात. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे दोन्ही प्रकारची कुत्री आली, काही कायमची राहिली, काही दुसरे घर मिळेपर्यंत राहिली, आणि त्यांच्या सहवासात माझे एक मत पक्के होत गेले. पिल्लाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून कामाला लागावे लागते. आश्रयगृहातून आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र पहिले काही आठवडे जवळजवळ काहीच न करण्याची शिस्त आपल्यालाच अंगी बाणवावी लागते. व्यवहारात हे बरोबर उलटे होते. पिल्लू अजून लहान आहे, पुढे शिकेल, म्हणून त्याला सहा महिन्यांचे होईपर्यंत मोकळे सोडले जाते, आणि मोठ्या कुत्र्याने मात्र आल्या आठवड्यातच बस म्हटले की बसावे, पाहुण्यांशी गोड वागावे आणि रात्री गुपचूप झोपावे, अशी अपेक्षा धरली जाते.

पिल्लाची घाई करायची ती त्याच्या वाढीचे वेळापत्रक तसे आहे म्हणून. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे दिसते, ऐकू येते आणि ज्याचा वास येतो, ते सारे जगात असायचेच, असे ते धरून चालते. त्यानंतर समोर येणाऱ्या नव्या गोष्टीकडे ते आधी संशयाने पाहते. फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले माणसाच्या सहवासाशिवाय उंच कुंपणाच्या आत वाढवली होती. ज्या पिल्लांना मधल्या आठवड्यांत काही दिवस माणसे भेटली, ती पुढेही माणसाजवळ येत राहिली. १४ आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती माणसापासून दूर पळत आणि त्यांना माणसाळवणे अतिशय अवघड गेले. पिल्लाने आई आणि भावंडांजवळ निदान आठ आठवडे काढावेत, कारण किती जोरात चावले तर खेळ बंद पडतो हे त्याला भावंडेच शिकवतात. म्हणजे घरी आलेल्या पिल्लाचा हा मोलाचा काळ आपल्या हातात जेमतेम चार ते सहा आठवडे उरतो.

इथेच नव्या पालकांची कोंडी होते. पिल्लांचे लसीकरण साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते, आणि ते पुरे होईस्तोवर त्याला बाहेर काढू नका, असे अनेकांना सांगितले जाते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार जीवघेणे आहेत, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण तोवर घरात कोंडून ठेवलेले पिल्लू आजारापासून वाचते आणि जन्मभर रस्त्याला, वाहनांना, मुलांना आणि छत्रीवाल्या माणसांना घाबरत राहण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील प्राणीवर्तन क्षेत्रातील पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ सालच्या आपल्या निवेदनात यातून वाट काढून दिली आहे: लसींचा पहिला हप्ता देऊन निदान सात दिवस झाले असतील, तर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालाही स्वच्छ जागेतील प्रशिक्षणवर्गाला नेता येते. ज्या जमिनीवर अनोळखी कुत्री लघवी-शी करतात तिथे त्याला खाली सोडू नये, एवढे पथ्य पाळले आणि आपल्या पशुवैद्यांशी बोलून घेतले, की बाकीचे जग त्याला कडेवर घेऊन दाखवता येते.

आता दाखवायचे म्हणजे काय, यात लोक फार गोंधळ करतात. भेटेल त्या माणसाच्या हातात पिल्लू द्यायचे, भेटेल त्या कुत्र्यापुढे त्याला ढकलायचे, आणि ते अंग चोरू लागले की ‘सवय होईल’ म्हणायचे. अशाने सवय होते ती घाबरण्याची. पिल्लाने दुरून पाहावे, त्याला वाटले तर जवळ जावे, नको वाटले तर मागे यावे, आणि या साऱ्यात त्याला काहीतरी चविष्ट मिळत राहावे, एवढेच करायचे असते. ठोंब्या नावाचे एक पिल्लू माझ्याकडे होते, त्याला छत्री दाखवताना मी ती आधी मिटलेली जमिनीवर ठेवली आणि दूर जाऊन बसलो. त्याने भोवती एक मोठा फेरा मारला, मग मान पुढे आणि मागचे पाय जागच्या जागी अशा लांबुडक्या अवस्थेत छत्रीची मूठ हुंगली, दचकून मागे उडी मारली, पुन्हा आला आणि तिच्यावर चक्क पाय ठेवून उभा राहिला. छत्री उघडली ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि तीही अर्धीच. अशा गोष्टीला पाच-दहा मिनिटे लागतात आणि दिवसातून एखादीच नवी वस्तू पुरते. पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ झोपण्यात घालवते आणि ती झोप त्याला मिळायलाच हवी. संध्याकाळी वेड्यासारखे धावणारे, पायजम्याला लोंबकळणारे पिल्लू बहुधा खेळायला कमी पडलेले नसते, झोपेला आलेले असते.

शी-शूची शिकवण हा प्रत्येक नव्या पालकाचा पहिला प्रश्न असतो आणि त्यावर सविस्तर बोलायला हवे, कारण इतर कशाहीपेक्षा इथे कुत्र्यावर अन्याय जास्त होतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला मूत्राशयावर पुरेसा ताबा नसतो. जागेपणी जितक्या महिन्यांचे पिल्लू तितके तास, फार तर त्यात एक तास अधिक, हा ढोबळ हिशेब आहे, आणि तोही शांत बसलेल्या पिल्लाचा. खेळताना तो पाळला जात नाही. म्हणून झोपेतून उठल्याबरोबर, खाऊन झाल्यावर थोड्या वेळाने, खेळ थांबल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला ठरलेल्या जागी न्यायचेच, त्याने मागितले असो वा नसो. तिथे नेऊन गप्प उभे राहावे. पिल्लाचे काम होऊन ते सरळ उभे राहिले की त्याच क्षणी, त्याच जागी, खिशातला खाऊ द्यावा. घरात परत येऊन डब्यातून काढून दिलेला खाऊ हा घरात परत आल्याबद्दलचा असतो. लघवीशी त्याचा संबंध पिल्लाला लावता येत नाही, कारण कृती आणि फळ यांच्यातले अंतर काही सेकंदांचेच असावे लागते. आणि काम झाल्या झाल्या त्याला घाईघाईने आत आणू नये, नाहीतर लघवी केली की बाहेरची मजा संपते, हे हुशार पिल्लू लवकरच ओळखते आणि धरून ठेवू लागते.

मधल्या वेळात ते नजरेसमोर असावे, किंवा क्रेटमध्ये, म्हणजे दार असलेल्या पिंजऱ्यात, अथवा छोट्या जाळीच्या कुंपणात असावे. क्रेट ही त्याची झोपायची जागा असते, तिचा वापर शिक्षेसाठी करायचा नाही आणि तासन्‌तास कोंडून ठेवण्यासाठी तर नाहीच. घरात झालेली लघवी पुसताना अमोनिया असलेले द्रावण वापरू नये, कारण त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. एन्झाइम असलेले द्रावण मिळते, ते वासाचे मूळच तोडते.

नंतर सापडलेल्या डबक्यापाशी पिल्लाला ओढत नेऊन, नाक टेकवून रागावणे हा प्रकार मात्र पूर्ण बंद व्हायला हवा. ‘त्याला कळतं हो, बघा कसं अपराधी तोंड करतं’, असे लोक हमखास सांगतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली हे तोंड नेमके कशाने होते ते तपासले. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, आणि परत आलेल्या मालकाला खरे सांगितले की खोटे, याच्या वेगवेगळ्या जोड्या तिने लावून पाहिल्या. ते अपराधी तोंड खाल्ले-न खाल्ले यावर अवलंबून नव्हतेच, मालक रागावला की नाही यावर होते. ज्यांनी काहीच केले नव्हते, त्या कुत्र्यांनी बोलणी खाल्ल्यावर ते अधिकच केले. म्हणजे आपल्याला जो कुत्र्याचा पश्चात्ताप भासतो, तो आपल्या चढलेल्या आवाजापुढे त्याने केलेला बचाव असतो. अशा रागावण्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली, पडद्यामागे जाऊन करू लागते.

चावण्याबद्दल थोडक्यात. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पडतात आणि त्या जागी ४२ दात येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि जे दिसेल ते तोंडात जाते. चावण्याजोगे काहीतरी सतत जवळ ठेवावे, हातावर दात लागले की खेळ तिथेच थांबवून शांतपणे उठून जावे, आणि घरातल्या सगळ्यांनी हे एकसारखे पाळावे. एकाने हाताशी झोंबाझोंबी खेळायची आणि दुसऱ्याने त्याच हातावरून ओरडायचे, असे असेल तर कोणतीही युक्ती चालणार नाही.

आश्रयगृहातून आलेल्या कुत्र्याकडे वळताना हे सारे वेळापत्रक बाजूला ठेवावे लागते. त्याचा तो कोवळा काळ कधीच होऊन गेलेला असतो, तो कसा गेला हे बहुधा कोणालाच माहीत नसते, आणि आत्ता त्याच्या अंगात जो ताण साठलेला आहे तो उतरणे हेच पहिले काम असते. आश्रयगृहातली माणसे कितीही जीव लावणारी असली, तरी तिथला सततचा भुंकण्याचा आवाज, अनोळखी वास आणि पळून जायला जागा नसणे यांचा परिणाम शरीरावर होतोच. १९९७ साली हेनेसी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत आश्रयगृहातल्या पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक घरगुती कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट आढळले होते. पुढे २०१९ साली लिसा गुंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आश्रयगृहांतली कुत्री एक-दोन रात्रींसाठी कोणाच्या तरी घरी मुक्कामाला पाठवली, तेव्हा तेवढ्यानेही कॉर्टिसॉल खाली आले आणि त्यांना सर्वांत लांब, सलग विश्रांती मिळाली ती त्या घरीच. नव्याने आणलेले कुत्रे पहिले दोन दिवस नुसते झोपून राहिले तर घाबरून जाऊ नये, ते याचसाठी. खाणे-पिणे पूर्ण बंद असेल, उलट्या-जुलाब असतील, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा दत्तक देणारी मंडळी सांगतात: तीन दिवसांत भीती ओसरू लागते, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपले वाटते. ही शास्त्रीय मोजणी नाही, आणि फार घाबरलेल्या कुत्र्याला वर्षही लागू शकते. पण आठवड्यातच निराश होणाऱ्या माणसाला थोपवून धरायला तो उपयोगी पडतो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. पहिल्या आठवड्यात अगदी शहाण्यासारखे, निमूट राहिलेले कुत्रे पुढे भुंकू लागले, चपला पळवू लागले, तर ते बिघडले असे नव्हे. आधी ते धास्तीने गप्प होते आणि आता त्याला वागायचे धैर्य आले आहे.

पहिल्या दिवशी काय करू नये, हे सांगणे सोपे आहे. नातेवाइकांना बोलावू नये, अंघोळ घालू नये, सगळे घर एकदम मोकळे करून देऊ नये, आणि पट्ट्याशिवाय बाहेर तर मुळीच नेऊ नये. नवे कुत्रे हरवते ते बहुतेक वेळा या पहिल्या दिवसांतच, कारण पळून गेल्यावर परत कुठे यायचे हे त्याला अजून माहीत नसते. मानेचा पट्टा मागे सरकत डोक्यावरून निघतो, म्हणून छातीभोवती नीट बसणारा हार्नेस आणि गळपट्टा अशा दोन्हींना बांधलेली दोरी वापरावी, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपवर, म्हणजे ओळख पटवणाऱ्या छोट्या चकतीवर, आपले नाव-पत्ता नोंदवून घ्यावा, आणि दार उघडण्यापूर्वी कुत्रे कुठे आहे ते बघायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी. आश्रयगृहात जे खाणे मिळत होते तेच सुरुवातीला द्यावे आणि आठवडाभरात हळूहळू बदलावे. त्याला एक कोपरा द्यावा, जिथे तो असताना कोणीही, विशेषतः मुलांनी, त्याला हात लावायचा नाही.

काजळ नावाची कुत्री माझ्याकडे आली तेव्हा ती सोफा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन बसली आणि दिवे मालवल्याशिवाय खायला बाहेर येईना. तिला तिथून काढायचा प्रयत्न घरात कोणी केला नाही. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर पुस्तक वाचत बसे आणि मधूनच खाऊचा एखादा तुकडा मागे, माझ्या हातापासून दूर पडेल असा टाकत असे. बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी टाचेला गार, ओलसर नाक लागले. कानाच्या कोपऱ्यातून नखांचा आवाज येत होता, म्हणजे मागचे पाय पळायच्या तयारीत होते. मी वळलो नाही, बोललो नाही, पान तेवढे उलटले. ती परत फटीत गेली आणि थोड्या वेळाने पुन्हा आली. अशा वेळी आनंदाने वळून डोक्यावर हात फिरवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण जवळ यायचे आणि दूर जायचे हे दोन्ही आपल्या हातात आहे, हे कुत्र्याला कळणे त्या हात फिरवण्यापेक्षा कितीतरी कामाचे असते. पुढे हात लावायची वेळ आली तेव्हाही वरून डोक्यावर न नेता बाजूने छातीला, तीन-चार सेकंद खाजवून थांबायचे आणि ती आणखी मागते का ते बघायचे, असा क्रम मी ठेवला.

त्यासाठी कुत्र्याचे अंग वाचता आले पाहिजे. भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, तोंड फिरवणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, एकाएकी ताठरणे, या सगळ्या ‘मला हे नको आहे’ असे सांगण्याच्या रीती आहेत. शेपूट हलते म्हणजे कुत्रे खूश, हा समज तर अनेक चाव्यांच्या मुळाशी असतो. उंच, ताठ आणि भराभर हलणाऱ्या शेपटीत खुशी नसते. आणि गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती देण्याबद्दल मार मिळाला की कुत्रे सूचना द्यायचे सोडते, नको असलेली गोष्ट तशीच नको राहते, आणि मग ‘काहीही न करता अचानक चावला’ अशी तक्रार येते. वाडग्यापाशी गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे खाणे मधूनच काढून घेऊन त्याला धडा शिकवण्यापेक्षा, त्याच्या पुरेसे दुरून जाताना वाडग्याकडे आणखी चविष्ट काहीतरी टाकत जावे. माणूस वाडग्याजवळ येतो तेव्हा खाणे वाढते, असे त्याला वाटू लागले की राखण करायचे कारणच उरत नाही.

कुत्र्यावर वरचष्मा ठेवा, तुम्ही कळपाचे नायक व्हा, त्याला उताणे पाडून दाबून धरा, हा सल्ला अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. त्याचे मूळ १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या केलेल्या निरीक्षणात आहे. ही कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांच्या १९७० सालच्या पुस्तकाचा वाटा होता, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ साली लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची मुले असे कुटुंब असते, आणि ‘नायक’ हा तिथला बाप असतो, कोणाला मारामारीत हरवून झालेला राजा नसतो. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. सल्ला देणाऱ्याला हे सांगून उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. हसून विषय बदलावा आणि आपले काम करीत राहावे.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर भीती वाढते, हा आणखी एक गैरसमज. भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेली युक्ती नाही. कुत्रे आपण होऊन जवळ आले तर त्याला खुशाल बसू द्यावे. भीती कमी करण्याचे खरे काम मात्र शांत दिवशी करायचे असते आणि त्यात क्रमाला महत्त्व आहे. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना आधी खूण ऐकू येई आणि मग खाणे मिळे, तसेच इथेही आधी कुत्र्याला ज्याची भीती वाटते तो आवाज, मग खाऊ. खाऊ आधी दाखवला तर काही दिवसांनी खाऊ दिसताच कुत्रे आवाजाच्या धास्तीने पळू लागते. आवाज इतका हलका असावा की कुत्र्याचे कान टवकारतील पण ते खाणे सोडणार नाही. खाऊ नाकारला, की आपण फार जवळ किंवा फार मोठ्याने गेलो, असे समजून मागे यावे.

एकटे राहायला शिकवणे पिल्लू आणि मोठे कुत्रे अशा दोघांनाही लागते, आणि त्यासाठी लांबलचक निरोप घेण्याची गरज नसते. आधी दुसऱ्या खोलीत क्षणभर, मग दाराबाहेर क्षणभर, मग थोडे अधिक, असे कुत्र्याची तगमग सुरू होण्यापूर्वीच परत येत वेळ वाढवावी. मागे मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवला तर दार ओरबाडणे, लाळ गळणे, अखंड रडणे हे खरोखर कधी सुरू होते ते कळते. हे टोकाला गेलेले असेल तर वर्तनतज्ज्ञ पशुवैद्याकडे जावे. त्यासाठी औषधे आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

पिल्लाच्या बाबतीत आणखी एक वळण पुढे येते. सगळे छान शिकलेले पिल्लू आठव्या महिन्याच्या सुमाराला हाक ऐकू न आल्यासारखे वागू लागते. लूसी अॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले: अंधांना सोबत करण्यासाठी वाढवली जाणारी कुत्री पाच महिन्यांची असताना ‘बस’ या आज्ञेला जितकी दाद देत, तितकी आठव्या महिन्यात आपल्या माणसाला देत नव्हती, अनोळखी माणसाचे मात्र ऐकत होती. वर्षाचे होईतो बहुतेकांचे वागणे पुन्हा सुधारले. दुर्दैवाने आश्रयगृहात सोडल्या जाणाऱ्या कुत्र्यांत याच वयाची कुत्री पुष्कळ असतात. या महिन्यांत मी मोकळे सोडणे बंद करून लांब दोरी पुन्हा बाहेर काढतो, एकदा दिलेली हाक दहा वेळा देत नाही, आणि खिशातला खाऊ थोडा अधिक चांगल्या प्रतीचा ठेवतो. ठोंब्याच्या वेळी ही दोरी हिवाळाभर दारामागच्या खुंटीला होती.